रोलच्या आतले नऊ फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय रोलच्या छोट्या कॅमेऱ्याबद्दल. कुणाकडे याशिका असायचा, कुणाकडे कोडॅक. कपाटाच्या वरच्या फळीवर, रुमालात गुंडाळलेला. डोळा लावायचा, बटण दाबायचं, झालं. ही सोय जुनी आहे. 1888 साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅकचा पहिला कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल भरूनच यायचा. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याला पाठवायचा. माणसाने फक्त बटण दाबायचं.

माझं म्हणणं एवढंच, की हा कॅमेरा समारंभाचा नाही. तो रोजच्या दिवसाचा आहे. पुन्हा सांगतो, रोजच्या दिवसाचा. हे मला कसं कळलं, ते सांगतो.

मी कॉलेजात होतो, आम्ही साताऱ्याला राहायचो. वाईला मावसबहिणीचा साखरपुडा ठरला आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. छत्तीसचा रोल तीन आठवडे आधीच आणला होता. कॅमेरा नीट चालतोय का बघू, म्हणून घरातच नऊ फोटो काढून झाले होते. साखरपुड्यात चोवीस काढले. ओटी भरताना, अंगठी घालताना, पेढा भरवताना, सगळे. तीन उरले होते, ते घाटावर काढायचे ठरवून मी कॅमेरा पडवीत ठेवला आणि पंगतीला बसलो.

मावशीचा नातू सात वर्षांचा होता. सकाळी त्याचाही फोटो काढला होता, आणि त्याला तो बघायचा होता. त्याने कॅमेऱ्याची मागची खिटी ओढली आणि झाकण उघडलं. भर दुपारी, पडवीच्या उन्हात. मी पंगतीतून उठून धावलो तेव्हा तो त्या तपकिरी पट्टीकडे बघत विचारत होता, "यात मी कुठंय?"

साताऱ्याला स्टुडिओत रोल दिला. स्टुडिओवाले काका म्हणाले, "लाईट लागलाय रोलला. धुऊन बघतो, आशा ठेवू नका." चार दिवसांनी गेलो. चोवीसच्या चोवीस गेले होते. ती अंगठी नाही, तो पेढा नाही. पण पाकिटात नऊ फोटो होते. कडांना आगीच्या जिभांसारखे नारिंगी पट्टे, मधे चित्र स्वच्छ.

असं का झालं, ते काकांनी समजावलं. फोटो काढला की फिल्म पलीकडच्या गरारीवर गुंडाळत जाते. आधीचे फोटो आत, नंतरचे बाहेर. ऊन पडलं ते बाहेरच्या वेढ्यांवर. साखरपुडा बाहेर होता, तो जळला. घरचे नऊ फोटो आत होते, त्यांना साखरपुड्याने झाकून वाचवलं.

ते नऊ घेऊन मी वाईला गेलो, मावशीची माफी मागायला. ती काही बोलली नाही. एकेक फोटो बघत गेली. अण्णा खिडकीतल्या आरशात बघून दाढी करतायत, एका गालावर साबण. नळाखाली कळशी. मग आई, सुपात तांदूळ निवडताना, एक पाय दुमडून, एक गुडघा वर. तिथे मावशी थांबली. म्हणाली, "अरे, ताई थेट आईसारखी बसलीय." आमच्या आजीचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. मावशीने त्याची कॉपी मागून घेतली. साखरपुड्याच्या फोटोंबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

समारंभाचे फोटो काढायला दहा जण असतात. आता तर लग्नात फोटोवाल्यांच्या पाठीच दिसतात, मुंडावळ्या दिसतच नाहीत. मला ते बिलकुल आवडत नाही, अक्षता टाकायच्या तरी कुणावर? पण तांदूळ निवडणाऱ्या आईचा फोटो कोण काढतं? आणि "जरा हसा" असं म्हणू नका हो कुणाला. दाढी करणारा माणूस कशाला हसेल?

आता कामाच्या गोष्टी पटकन. पहिली, रोल पूर्ण मागे त्याच्या डबीत गुंडाळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गुंडाळल्याशिवाय उघडायचं नाही. काही मोटरचे कॅमेरे रोल भरताच सगळी फिल्म आधी बाहेर ओढून घेतात आणि काढलेला फोटो लगेच डबीत परत नेतात. त्यात झाकण उघडलं तरी काढलेले फोटो बहुतेक वाचतात. जुना कॅमेरा घेताना असला मिळाला तर जरूर घ्या.

फ्लॅशचा उजेड तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, त्यामुळे अख्खं देऊळ उजळायच्या फंदात पडू नका. फोकस पक्का असलेल्या कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून फोटो घेतलात तर तो धूसर येणारच, एक-दीड मीटर मागे सरका. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. पावसाळ्यात चामड्याच्या पाऊचमध्ये कोंडून ठेवू नका, भिंगाला बुरशी धरते. आणि फोटोच्या मागे नाव, तारीख लिहायची ती मऊ पेन्सिलीने, अलगद. बॉलपेनने दाबून लिहिलेलं पुढून उमटतं. आमच्या घरी एका काकांच्या कपाळावर आजही साल उमटलेलं दिसतं, आणि मला ते बघवत नाही.

मुख्य म्हणजे कॅमेरा कपाटात ठेवू नका. घराच्या किल्ल्या जिथे टांगता तिथेच त्याची दोरी अडकवा. रोल भरलेला असू द्या. दिवसाला एक फोटो, जास्त नको. छत्तीसचा रोल महिनाभर सहज पुरतो.

त्या सात वर्षांच्या मुलाकडे आता स्वतःचा रोलचा कॅमेरा आहे. मागच्या दिवाळीत आला तेव्हा माझी आई ओसरीवर शेंगा सोलत होती, तसाच एक पाय दुमडून. त्याने फोटो काढला, चक्रीने रोल मागे गुंडाळला, आणि कॅमेरा माझ्या कानाला लावला. म्हणाला, "ऐका, सुटली का फिल्म?" सुटली होती. मग त्याने झाकण उघडलं.

नमस्कार.