गावाचा पैसा ठेवायचा कुठे?

सरपंच मंडळी आणि ग्रामसेवक बंधू-भगिनींनो, गावोगावच्या रोकड वह्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यातल्या एका गावाचं सांगतो. पंचायतीने पाणीपट्टीचे ११ लाख एका छोट्या बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते, कारण व्याज पाऊण टक्का जास्त होतं. बँकेवर निर्बंध आले, आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. पावती कपाटात, पैसा अडकलेला. बायाबापड्या दीड महिना शेजारच्या वाडीवरून हंडे वाहत होत्या. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

सरपंच मला म्हणाले, "साहेब, विमा आहे ना?" आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. पण ते ५ लाख मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेत एका ठेवीदाराला. त्याच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्यात तरी बेरीज एकच धरतात. म्हणजे त्या गावाचे ६ लाख उघड्यावरच होते.

मोठ्या संस्थांचंही तेच होतं. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९०० कोटींहून अधिक रुपये तिथे होते. १८ मार्चला निर्बंध उठले म्हणून निभावलं. नागपूर, वर्धा, बुलढाणा जिल्हा बँकांच्या ठेवीदारांनी मात्र वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्याच मार्चमध्ये शासनाने सरकारी व्यवहार राष्ट्रीयकृत बँकांतून करायला सांगितलं. नंतर काही बँकांना मुभाही दिली. म्हणून ठराव लिहिण्याआधी सध्या लागू असलेला शासन निर्णय पंचायत समितीतून मागून घ्या आणि ठरावात त्याचा क्रमांक घाला. व्याजदराचं बघायचं ते त्यानंतर.

बँक चांगली निवडली तरी पैसा आतून जाऊ शकतो, आणि तपासणीत मला जास्त सापडलं ते हेच. पावती ग्रामपंचायतीच्याच नावाने हवी. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. मार्चअखेर शाखेकडून शिल्लक दाखला आणि ठेवीवर बोजा नसल्याचं पत्र, दोन्ही शिक्क्यानिशी घ्या. कुणीतरी ठेवीवर कर्ज उचलतं आणि मूळ पावतीची रंगीत प्रत दप्तरात लावून ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रोकड वही आणि पासबुकाचा ताळमेळ दर महिन्याला घाला. वर्षाच्या शेवटी एकदम घातलेल्या ताळमेळात चूक आणि चोरी वेगळी ओळखू येत नाही. आणि सरपंचांनो, कोऱ्या धनादेशावर सही करून ग्रामसेवकाकडे ठेवू नका, तो कितीही सज्जन असला तरी. उद्या काही घडलं तर त्या सज्जन माणसावरच आळ येतो.

आता खिशातला मोबाईल काढा. पंचायतीच्या खात्याचा शेवटचा मेसेज तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? दहा-बारा हात दिसतायत, सभागृहात शंभरावर लोक आहेत. बाकीच्यांचे मेसेज मागच्या सरपंचांच्या फोनवर जात असतील, नाहीतर बंद पडलेल्या नंबरवर. नंबर आणि सह्या बदलण्याचे अर्ज मागच्या टेबलावर ठेवलेत. ठराव आणि शिक्का सोबत असेल, तर जेवणाच्या सुट्टीत भरूनच टाका.