न पेटणारं ग्रीस

[काळा पडदा. लाकडी टेबलावर फासे घरंगळल्याचा आवाज.]

टेबलाभोवती पाच जण. डन्जन्स अँड ड्रॅगन्स रंगलाय: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, काय करतो ते बोलून सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. मधोमध चौकटीच्या कागदावर आखलेलं भुयार. भुयारात सहा गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस, चाल करून येताहेत. जादूगारीण खेळणारी मुलगी म्हणते, "मी ग्रीसचा मंत्र टाकते." दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा एकदम बुळबुळीत होते. चार गॉब्लिन आडवे. सगळे हसतात. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम.

मग कोपऱ्यातून प्रश्न येतो. "ग्रीस म्हणजे तेलकटच ना? मी त्यात मशाल टाकतो."

खेळ थांबतो. खेळ चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, सगळे त्याला डीएम म्हणतात, पुस्तक उघडतो. जमीन निसरडी होते, हे लिहिलंय. घसरू नये म्हणून कुठला फासा टाकायचा, तेही लिहिलंय. पेटतं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. उलट मंत्राला लागणाऱ्या साहित्यात लिहिलंय: डुकराच्या कातडीचा तुकडा किंवा लोणी. "बघ," कोपऱ्यातला म्हणतो, "चरबी. चरबी जळते."

हे पुस्तक २०१४ चं. त्यावर टेबलाटेबलांवर भांडणं झाली. २०२४ मध्ये नवीन पुस्तक आलं आणि ग्रीसच्या वर्णनात सुरुवातीलाच एक विशेषण येऊन बसलं. न पेटणारं.

[पानावरच्या एका शब्दावर कॅमेरा स्थिर.]

दाराला नवी कडी दिसली की समजावं, इथून कुणीतरी आत शिरून गेलंय. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पुस्तकं मी अशीच वाचतो. जिथे जिथे "करता येणार नाही" असं लिहिलेलं दिसतं, तिथे मला टेबलाच्या कोपऱ्यातला तो माणूस दिसतो.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पण त्याची नाळ थोडी मागे, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, मिनेसोटातल्या एका मित्रमंडळात सापडते. तिथे डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला होता. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव, आणि त्यावर चालून येणारं सैन्य. सैन्य पोचेपर्यंत वेळ जावा म्हणून त्याने खेळाडूंना गावातली माणसं करून टाकलं. खेळाडूंनी त्या माणसांचा जो काही संसार मांडला, जी कटकारस्थानं रचली, त्यात लढाई राहिलीच बाजूला. वेस्लीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

त्या खेळाडूंमध्ये आर्नेसन होता. म्हणजे न सांगितलेलं करून पाहण्याची खोड या खेळाला नंतर लागली नाही. ती जन्मखूण आहे.

कॉम्प्युटरवरच्या खेळात दरवाजा उघडतो तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने उघडायचा ठरवला असेल तरच. इथे समोर माणूस बसलेला असतो. त्याला ऐकू येतं, आणि त्याला "हो" म्हणायचा मोह होतो.

पण मग एवढी गंमत जादूतच का? तलवारीत का नाही? मला वाटतं, मंत्र लिहिण्याची पद्धतच त्याला कारणीभूत आहे. तलवार काय करते हे कुणी लिहीत बसत नाही. मंत्राचं मात्र सगळं लिहिलेलं असतं. किती लांबवर चालतो, किती वेळ टिकतो, किती घनफूट जागा व्यापतो. एखाद्या करारनाम्यासारखं. आणि करारनामा म्हटला की पळवाटा आल्याच.

[जुन्या पुस्तकाची पिवळी पानं.]

आगीचा गोळा घ्या. सगळ्यांचा लाडका मंत्र. १९७८ च्या पुस्तकात त्याचा आकार नुसता गोल नव्हता, घनफळ होतं: सुमारे ३३,००० घनफूट. मोकळ्या मैदानात वीस फूट त्रिज्येचा गोळा. पण बंद जागेत आगीला तेवढी जागा हवीच, मग ती मिळेल तिकडे पसरत जाते.

आता कागद-पेन्सिल घ्या. दहा फूट रुंद, दहा फूट उंच भुयार. एक फूट लांबीला शंभर घनफूट. तेहतीस हजार भागिले शंभर. तीनशे तीस फूट भुयार आगीने भरणार, दोन्ही दिशांना एकशे पासष्ट फूट. मंत्र टाकणारा उभा आहे साठ फुटांवर.

कित्येक टोळ्या अशा स्वतःच्याच आगीत भाजून निघाल्या. आणि ज्यांनी भागाकार आधी केला, त्यांनी तीच आग बिळात कोंडून शत्रूकडे वळवली. आजच्या नियमांत हे सगळं गेलं. वीस फूट त्रिज्येचा गोळा, बस. सोपं झालं, सुटसुटीत झालं, आणि मला विचाराल तर थोडं पांचटही झालं. आग फेकण्याआधी टेबलावर जी शांतता पसरायची, कुणीतरी ओठ हलवत गुणाकार करायचं, ती आता नाही.

पैशाची गोष्ट निघाली की लोखंडी भिंत आठवते. २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीत, हो, साडेतीन हाच आवृत्तीचा क्रमांक होता, अकराव्या पातळीचा जादूगार हवेतून लोखंडाची भिंत उभी करू शकायचा. दोनशे पंचाहत्तर चौरस फूट, दोन इंच जाड. मंत्र संपला तरी भिंत नाहीशी होत नाही, ती खरीखुरी भिंत असते. खर्च: पन्नास सोन्याच्या नाण्यांची सोनभुकटी.

लढाईत आडोसा म्हणून ही भिंत. पण त्याच पुस्तकात, भलत्याच प्रकरणात, बाजारभाव दिले होते. लोखंड, एक पौंड, एक चांदीचं नाणं. कुणीतरी ही दोन पानं एकत्र वाचली. भिंतीचं वजन होतं साधारण साडेबावीस हजार पौंड. दहा चांदीची नाणी म्हणजे एक सोन्याचं. किंमत झाली सव्वादोन हजारांच्या आसपास. पन्नास घाला, सव्वादोन हजार काढा, रोज सकाळी, आंघोळीच्या आधी.

राक्षसाशी कोण लढणार मग? टोळीचं भंगारचं दुकान झालं.

याच नियमांच्या पायावर २००९ मध्ये पाथफाइंडर हा खेळ उभा राहिला. त्यातल्या लोखंडी भिंतीच्या वर्णनात शेवटी एक ओळ आहे: या लोखंडापासून दुसरी वस्तू घडवता येत नाही आणि ते विकताही येत नाही. जादूच्या पुस्तकात विक्रीबंदी! कडी लागली ती अशी. का विकता येत नाही, याचं कारण मात्र दिलेलं नाही. लोहार बघून नाक मुरडतो की काय, देव जाणे.

अशा कड्या शोधायला लागलं की सगळीकडे सापडतात. साडेतीनाव्या आवृत्तीत पाणी निर्माण करायचा साधा मंत्र आहे, तहान भागवायला. त्याखाली बारीक टीप: कोणत्याही प्राण्याच्या शरीराच्या आत काही निर्माण करता येत नाही. शत्रूच्या फुप्फुसात पाणी भरायची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या नावाची ती पाटी आहे. त्याच पुस्तकात असंही आहे की मंत्राने बोलावलेला प्राणी हवेत अधांतरी प्रकटू शकत नाही, त्याचं वजन पेलेल अशा जागेवरच तो यायला हवा. हा नियम कुणाला उगाच सुचेल? शत्रूच्या डोक्यावर देवमासा पडलेला असल्याशिवाय?

आणि ती जादूची पिशवी. बाहेरून झोळी, आत चौसष्ट घनफूट जागा. २०१४ चं पुस्तक सांगतं की आत श्वास घेणारा प्राणी दहा मिनिटं जगतो, आणि जास्त जण असतील तर दहाला त्या संख्येने भागायचं. भागायचं! म्हणजे किती माणसं कोंबली असतील आधी.

[हसण्याचा दबका आवाज. टेबलावर चहाचे कप.]

क्वचित उलटंही होतं. प्रकाशाचा मंत्र मूळचा अंधारात वाट दिसावी म्हणून. कुणीतरी तो राक्षसाच्या डोळ्यांवर टाकला असणार, कारण १९८१ च्या प्राथमिक नियमांत ही चाल छापूनच आली. डोळ्यांवर टाका, समोरच्याचा फासा चुकला तर तो आंधळा. खोडीला पावती मिळाली.

सगळ्याच खोड्या मला आवडतात असं नाही. गावकऱ्यांची रांग प्रसिद्ध आहे. दोन हजार गावकरी पाच-पाच फुटांवर उभे करायचे. प्रत्येकाने "हातात भाला आला की पुढच्याला द्यायचा" एवढंच ठरवून ठेवायचं. नियमांप्रमाणे हे सगळं एका फेरीत होतं, आणि फेरी असते सहा सेकंदांची. भाला सहा सेकंदांत तीन किलोमीटर जातो. आवाजाच्याही पुढे. मग शेवटचा गावकरी तो ड्रॅगनला मारतो, आणि खेळाडू म्हणतो, एवढ्या वेगाने लागलेल्या भाल्याने ड्रॅगनच्या चिंधड्या व्हायला हव्यात.

इथे माझं भांडण आहे. रांगेत भाला पळतो तो नियमांच्या जोरावर. भौतिकशास्त्र असतं तर दहाव्या गावकऱ्याचे हात सोलवटले असते. आणि भाला लागताना मात्र नियम नकोत, भौतिकशास्त्र हवं. दोन्ही डगरींवर पाय. नियम शेवटपर्यंत पाळले तर त्या भाल्याने जखम होते ती एका साध्या भाल्याचीच. २०२४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात या रांगेलाही कडी लागली: नियम खेळासाठी आहेत, ते विश्वाचे भौतिक नियम नाहीत. मला तर वाटतं, ही युक्ती कुणी गंभीरपणे खेळलंच नसेल. ती सांगण्यापुरतीच.

मराठीतून खेळणाऱ्यांना मात्र एक पळवाट जन्मजात मिळालीय, आणि तिला कुणी कडी लावलेली नाही. दूर कुठेही निरोप पाठवायचा एक मंत्र आहे. मर्यादा पंचवीस शब्दांची. इंग्रजीतले खेळाडू बोटं मोजत तारेसारखं तुटक बोलतात. आमच्या टेबलावर एकीने पाठवलं: "किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या दरवाजापाशी मध्यरात्रीनंतर भेटा." पाच शब्द. इंग्रजीत याचे दहा होतात. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहायची, ही आपल्या व्याकरणाची कृपा. पुढच्या खेपेला तिने एवढे लांबलचक समास केले की डीएमने फतवा काढला: आधी इंग्रजी कर, मग मोज.

[मेणबत्तीच्या उजेडात एक छोटी बाहुली: कुत्रा.]

माझ्या आठवणीतली सगळ्यात चांगली खोडी अगदी फालतू मंत्राची आहे. नवशिक्या जादूगाराच्या हातचलाखीचा मंत्र. ठिणगी उडवा, कपड्यावरचा डाग घालवा, घनफूटभर निर्जीव वस्तूला तासभर हवी ती चव द्या. बेचव पेज जरा गोड करायला लोक तो वापरतात.

आम्ही कैदेत होतो. हत्यारं काढून घेतलेली, मंत्र संपलेले. हा तेवढा उरला होता, कारण तो कधी संपतच नाही. कोठडीचं दार बाहेरून चामड्याच्या जाड पट्ट्याने आवळलेलं. पहारेकरी घोरत होता, त्याचा कुत्रा जागा होता आणि आमच्याकडे बघून गुरगुरत होता.

आमच्यातला जादूगार बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "पट्टा माझ्यापासून किती लांब?"

"सहा फूट."

"चामडं निर्जीव धरायचं ना?"

डीएमला अजून काही कळलं नव्हतं. "हो, अर्थात."

"मग त्याला मटणाची चव देतो."

दोन क्षण कुणी बोललं नाही. डीएमने कपाळाला हात लावला. पुस्तक उघडायची गरजच नव्हती. दहा फुटांच्या आत, घनफुटाहून लहान, निर्जीव, सगळं बसत होतं. कुत्र्याला ते कळेल का, एवढाच प्रश्न उरला. एकदा तरी त्याने चाटून बघायला हवं. डीएमने वीस बाजूंचा फासा उचलला, कुत्र्याच्या नावाने टाकला, आणि आम्ही पाच मोठी माणसं श्वास रोखून एका काल्पनिक कुत्र्याच्या जिभेकडे बघत बसलो.

सतरा.

त्या रात्री पट्टा तुटायला डीएमने पाऊण तास लावला. खेळातला पाऊण तास. टेबलावर दहा मिनिटं. पहारेकरी दोनदा कुशीवर वळला. त्या कुत्र्याला पुढे आम्ही बरोबरच नेलं.

[पुन्हा पहिलं टेबल. नवं, कोरं पुस्तक.]

नवीन नियम आले तेव्हा आमच्या डीएमने ग्रीसचं पान सगळ्यांसमोर धरलं आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. न पेटणारं. कोपऱ्यातल्याने पुस्तक हातात घेतलं, परिच्छेद सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचला.

"मान्य," तो म्हणाला. "पेटत नाही." मग पुस्तक मिटता मिटता, "पाण्यावर तरंगतं का?"