माप घ्या, फोटो काढा, सोडून द्या

[दृश्य : शिकागो. सार्वजनिक बागेतला तलाव. सकाळची वेळ. काठावर रॉड घेऊन उभी मुलं.]

शनिवारची सकाळ. शिकागोतली एक सार्वजनिक बाग. मागच्या रस्त्यावरून बस जातेय, पलीकडच्या मैदानावर सॉकरचे खांब रोवणं चाललंय. तलावाच्या काठाला आठ ते चौदा वर्षांची मुलं एकमेकांपासून चार हात सोडून उभी आहेत. शिट्टी होते आणि सगळ्या काठाने एकदम तंगूस सुटतो.

ही बास माशाची स्पर्धा. अमेरिकेत उन्हाळाभर गावोगावच्या बागांमधून अशा स्पर्धा होतात. कुठे पार्क खातं भरवतं, कुठे एखादा मासेमारी क्लब, कुठे गावातले चार हौशी लोक. फी नाममात्र, कधी कधी तीही नाही. इलिनॉय राज्यात 16 वर्षांखालच्या मुलांना मासे धरायला परवाना लागत नाही. एक साधा रॉड, एक रीळ आणि शनिवारी लवकर उठायची तयारी, एवढ्यावर काम भागतं.

आपल्याकडचा माणूस, त्यातून कोकणातला, इथे आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "हे मासे घरी नेतात, की इथेच वाटून घेतात?"

दोन्ही नाही. इथे धरलेला प्रत्येक मासा दोन-तीन मिनिटांत परत पाण्यात जातो. गरवायला बसलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण स्पर्धेचे सगळे नियम याच एका गोष्टीभोवती बांधलेले आहेत, म्हणून ते नीट बघण्यासारखे आहेत.

[दृश्य : पाण्याखाली. पाणवनस्पतींच्या आडोशाला स्थिर थांबलेला बास.]

आधी मासा. लार्जमाउथ बास. पाठ हिरवट, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की त्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. हा पाठलाग करणारा मासा नव्हे. बुडालेलं झाड, गवताची कड, पुलाच्या खांबाची सावली असा आडोसा धरून तो थांबतो आणि टप्प्यात काही आलं की तोंड उघडतो. तोंड इतक्या झटक्यात उघडतं की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. छोटे मासे, छोट्या लॉबस्टरसारखी दिसणारी क्रेफिश, बेडूक, एखादं बदकाचं पिल्लू, काहीही चालतं.

म्हणून जाणकार मुलं तलावाच्या मधोमध गळ टाकत नाहीत. नवखं मूल मात्र जीव खाऊन लांब फेकतं, आणि मासा असतो त्याच्या पायाशी, दगडाच्या कडेला. प्रशिक्षक पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त वेळा काय सांगत असतील, तर "जवळ टाक".

वसंतात पाणी साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअसला आलं की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून परातीएवढी जागा साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवायचं, ब्लूगिल नावाचे छोटे चोर हाकलायचे, पिल्लं बाहेर आली की त्यांच्या थव्याभोवती घिरट्या घालायच्या. या काळात त्याला भूक कमी आणि राग जास्त. घरट्याजवळ आलेल्या कशावरही तो तुटून पडतो, त्यामुळे गळाला पटकन लागतो. आणि त्याला उचलून दहा मिनिटं जरी काठावर ठेवलं, तरी तेवढ्या वेळात ब्लूगिल घरटं साफ करू शकतात.

ही गोष्ट पुन्हा येणार आहे. लक्षात ठेवा.

[दृश्य : आमिषांचा डबा. हातांचे क्लोजअप. प्लॅस्टिकचा गांडूळ गळात ओवला जातोय.]

मुलांचे डबे उघडून दाखवायला सांगितले, तर अर्धा दिवस त्यातच जाईल. चमचमती पाती, रबरी बेडूक, तोंडाखाली जिभेसारखी पट्टी असलेले छोटे लाकडी मासे. पण बागेतल्या तलावात खरं काम करतो तो प्लॅस्टिकचा मऊ गांडूळ. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम या गृहस्थाने तो बाजारात आणला. तो दोन प्रकारांनी ओवतात. एकात गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवतात, म्हणजे ते गवतात अडकत नाही. दुसऱ्यात गांडुळाच्या बरोबर मध्यावर गळ टोचतात आणि दोन्ही टोकं मोकळी सोडतात. दिसायला अगदी वेडगळ प्रकार. पण पाण्यात सोडला की दोन्ही टोकं थरथरत सावकाश खाली जातात, आणि त्या थरथरीवर बासला राहवत नाही.

पुष्कळ मुलं पक्कडीने गळाचा उलटा काटा आधीच चेपून टाकतात. कधी एखादा मासा त्यामुळे सुटतो. पण उरलेल्या माशांच्या तोंडातून गळ पटकन निघतो.

[दृश्य : मासा लागला. मुलगी रीळ ओढतेय. वडील मागे, हात खिशात.]

आता नियम.

रॉडला पालकांनी हात लावायचा नाही. मासा लागला की आई-बाबांचं बोलणं अर्थातच सुरू होतं, पण हात खिशात. जाळी धरायला मात्र चालतं. मला विचाराल तर या स्पर्धेतला सर्वांत अवघड नियम हाच, आणि तो मुलांसाठी नाहीच.

मासा धरण्याआधी हात ओले करायचे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने तो निघून येतो. खालचा जबडा अंगठ्याने पकडायचा, मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. बासचे दात बारीक कानशीसारखे असतात. दिवसभर चांगले मासे मिळाले तर अंगठ्याची कातडी खरवडून निघते, आणि सोमवारी शाळेत तो अंगठा मिरवला जातो.

मग मोजपट्टी. एका टोकाला उभी फळी असलेली लांबट पट्टी असते. माशाचं बंद तोंड फळीला टेकवायचं, शेपूट पट्टीवर सपाट आणि शेजारी त्या सकाळीच दिलेलं सांकेतिक कार्ड. फोटो. लांबी पाव इंचापर्यंत, आणि खालच्या बाजूला धरून. मासा पाण्यात. शेवटी प्रत्येकाच्या सर्वांत लांब तीन किंवा पाच माशांची बेरीज.

कार्ड कशाला? तर गेल्या आठवड्यातला फोटो आज कोणी खपवू नये म्हणून. मुलांवर एवढा अविश्वास का, असं वाटेल. पण मोठ्यांनी काय केलं ते बघा. 2022 साली क्लीव्हलंडमध्ये लेक एरीवरच्या एका मोठ्या स्पर्धेत पंचांनी पहिल्या आलेल्या जोडीचे मासे चिरले, तर पोटातून शिशाचे गोळे निघाले. ते मासे बास नव्हते, वॉलाय होते. लबाडी मात्र वजनाचीच. प्रकरण कोर्टात गेलं. दोघांनी गुन्हा कबूल केला, त्यांना दहा दिवसांचा तुरुंगवास झाला आणि त्यांची बोट जप्त झाली. लांबी मोजली की शिशाचा काही उपयोग उरत नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दोरीला ओवलेल्या माशांच्या माळा.]

सोडून देण्याची ही रीत फार जुनी नाही. जुन्या फोटोंत मेलेल्या माशांच्या माळा घेऊन लोक हसत उभे दिसतात. 1967 साली अलाबामातला रे स्कॉट नावाचा विमा एजंट अर्कान्सासमधल्या बीव्हर लेकवर बासची एक मोठी स्पर्धा भरवतो. प्रवेश फी 100 डॉलर, स्पर्धक 106. पुढे त्यानेच 'बास' (B.A.S.S.) ही बास धरणाऱ्यांची संघटना उभी केली, 1971 पासून बासमास्टर क्लासिक ही तिची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली आणि या छंदाचा धंदा झाला. मासे जिवंत सोडायचा आग्रहही त्यानेच 1972 पासून धरला. कोलोरॅडोत ट्राउट मासे धरणारे लोक मासा परत सोडताना किती खूश होतात, हे त्याने पाहिलं होतं. माणूस पक्का विक्रेता. आपल्या स्पर्धांमुळे तलाव रिकामे होतात ही ओरड बंद करायची होती, हेही त्याच्या डोक्यात असणारच. हेतू मिश्र होता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही.

[दृश्य : मोठा जलाशय. पहाट. रांगेने निघणाऱ्या बास बोटी.]

बागेतून आता मोठ्या पाण्यावर जाऊ. 2009 साली इलिनॉयच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने बास फिशिंगला राज्य अजिंक्यपदाचा दर्जा दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पहिली अंतिम फेरी झाली कार्लाइल लेकवर. कॅस्कॅस्किया नदीवर धरण बांधून झालेला हा जलाशय सुमारे 26,000 एकरांचा आहे. नंतर केंटकीसारखी राज्यंही आली. बास्केटबॉलसारखाच करंडक आणि शाळेचं जॅकेट. मुलं-मुली एकाच स्पर्धेत. बोटीत दोन विद्यार्थी आणि एक मोठं माणूस. इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट काढायचं नाही.

इथे मासा मोजत नाहीत, त्याचं वजन करतात. त्यासाठी बोटीत हवा खेळवलेली पाण्याची टाकी असते. पाच मासे टाकीत ठेवायचे. सहावा मोठा मिळाला तर आधीच्या पाचांतला लहान सोडायचा. दुपारी सगळे वजनकाट्यापाशी. मेलेल्या माशाला दंड असतो, साधारण पाव पौंडाचा. अंतिम निकाल कित्येकदा याहून कमी फरकाने लागतो, त्यामुळे टाकीतलं पाणी गार ठेवायला मुलं बर्फाच्या बाटल्या घेऊन धावताना दिसतात.

हे सगळं बघायला छान वाटतं. पण दोन गोष्टी खटकतात.

एक म्हणजे पैसा. चांगली नवी बास बोट 50 हजार डॉलरच्या सहज पुढे जाते. त्यावर 2018च्या सुमारास आलेलं, समोरचं पाणी थेट पडद्यावर दाखवणारं, ध्वनिलहरींवर चालणारं 'सोनार' यंत्र. मासा कुठे आहे, तो आमिषाकडे वळला की नाही, सगळं दिसतं. सोळा वर्षांची मुलं हे यंत्र वडिलांपेक्षा चांगलं चालवतात, आणि त्यावरून मोठ्यांच्या जगात कडाक्याचे वाद चालू आहेत. मला त्या वादात शिरायचं नाही. एवढंच, की नजर पाण्याऐवजी पडद्यावर ठेवून उभं असलेलं मूल मी घरीही बघू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. काट्यापाशी जिवंत असलेला मासा पुढच्या काही दिवसांत मरू शकतो. तासन् तास टाकीत, मग पिशवीत, मग काट्यावर, आणि शेवटी जिथे धरला तिथून मैलभर लांब सुटका. पाणी जितकं गरम, तितकं हे मरण जास्त. आणि वसंतातल्या स्पर्धेत त्या पाचांमध्ये घरट्यावरचा बाप असला तर? तो जगेल. घरटं राहणार नाही.

म्हणूनच मला बागेतली स्पर्धा उजवी वाटते. मासा तिथल्या तिथे, दोन मिनिटांत, स्वतःच्याच आडोशाला परत. पंधरा डॉलरच्या रॉडला आणि दीडशेच्या रॉडला पाणी तेच, काठ तोच. फक्त भरवणाऱ्यांनी तारीख जूनच्या मध्याच्या पुढे ढकलली तर बरं. मे महिन्यातले फोटो सुंदर येतात, हे मान्य करूनही.

[दृश्य : जॅक्सन पार्क, हंबोल्ट पार्क. तलावांची हवाई दृश्यं.]

या तलावांचीही थोडी ओळख. जॅक्सन पार्कच्या पाण्याला आजचं रूप आलं 1893च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने. आराखड्यामागे उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. हंबोल्ट पार्कच्या पाण्याला जेन्स जेन्सेन या दुसऱ्या उद्यानरचनाकाराने प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या गवताळ मैदानातल्या, नदीसारखं वळण दिलं. दोघांच्या डोक्यात नौकाविहार आणि देखावा होता, मासे नंतरचे. आणि माशांचा खर्च? 1950च्या एका संघीय कायद्याने रॉड, रीळ, आमिष यांवर कारखान्यातच 10 टक्के कर बसतो. तो पैसा राज्यांकडे येतो, आणि त्यातून मत्स्यबीज, तलावांची देखभाल, मुलांचे वर्ग चालतात. म्हणजे या काठावर तुटून गेलेल्या प्रत्येक गांडुळाने आधीच आपला वाटा भरलेला आहे.

हाच बास 1925 साली जपानमध्ये नेला गेला, आणि तिथे त्याने देशी माशांचा फडशा पाडला. बिवा सरोवरात आज धरलेला बास परत सोडायला बंदी आहे. गंमत म्हणजे जगातला सर्वांत वजनदार बास, 22 पौंड 4 औंसांचा, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीने 1932 साली धरला होता. त्याची बरोबरी झाली ती 2009 साली, याच बिवा सरोवरात. तेव्हा "सोडून द्या" हा नियम इथला, या पाण्यातला. आपल्या पवई तलावावरही गळ टाकून मासा परत सोडणारी हौशी मंडळी आहेत. उद्या कोणी तिथे मुलांची स्पर्धा भरवली तर मोजपट्टी जरूर उचलावी. बास मात्र आणू नये.

[दृश्य : निकाल. घडीच्या टेबलावर बक्षिसं : रॉड, आमिषांचे डबे.]

वेळ संपली. फोटो तपासले जातात. बेरीज सारखी आली तर ज्याचा एक मासा मोठा, तो पुढे. काही ठिकाणी सर्वांत छोट्या माशालाही बक्षीस असतं, आणि टाळ्या त्यालाच जास्त पडतात. एकही मासा न मिळालेली मुलं बरीच असतात. त्यांना आमिषाचं एक पाकीट मिळतं. त्यांच्यातली काही ते तिथेच फोडून पुन्हा काठाकडे पळतात, आणि पालक गाडीची किल्ली हातात घेऊन उभे राहतात.

यातली चौदा वर्षांची मुलं आता हायस्कूलला जातील. शाळेचा संघ असेल तर नाव देतील. गळ टाकता येतो, मासा हाताळता येतो, नियम पाठ आहेत. अडतं ते पुढे. बोट शाळेची नसते. म्हणून दर वसंतात प्रशिक्षक गावात विचारत फिरतात : कुणाकडे बोट आहे का, आणि शनिवारी दोन मुलांना घेऊन पहाटे पाचला निघायची तयारी आहे का?