पेंढ्याची तांबडी रेघ

जपानमधील ओकायामा शहरात आसाही नदीच्या वळणावर कोराकुएन ही बाग तीनशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजेच सर्वांच्या ओळखीचे पु. ल. देशपांडे उद्यान, याच बागेवरून घडवलेले आहे. त्या उद्यानात आम्ही दोघी मैत्रिणींनी अनेक संध्याकाळी घालवल्या असल्यामुळे मूळ बाग एकदा डोळे भरून पाहावी, ही आमची जुनी इच्छा होती आणि ऑक्टोबरमधल्या दोन दिवसांत ती पूर्ण झाली.

ओकायामाचा अधिपती इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून १६८७ मध्ये या बागेचे काम सुरू झाले आणि १७०० मध्ये ते पूर्ण झाले. हिरवळ, तळे, वळणावळणाने वाहणारे पाण्याचे पाट आणि नदीपलीकडचा काळ्या भिंतींचा किल्ला यांचा मिळून येथे एकच देखावा होतो, कारण बागेच्या हद्दीबाहेरचे दृश्यही बागेतच सामावून घेण्याची कला जपानी माळ्यांनी फार पूर्वी साधली आहे. जून १९४५ मधील हवाई हल्ल्यात किल्ल्याचा मुख्य बुरूज आणि बागेतील बहुतेक वास्तू जळाल्या. आज दिसणाऱ्या पुष्कळशा इमारती त्यानंतर पुन्हा उभारलेल्या आहेत. र्‍यूतेन नावाचा एक मंडप मात्र त्या आगीतून वाचला. त्याच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि त्या पाण्यात सहा देखणे दगड मांडलेले आहेत. आम्ही पाटाच्या कडेला बसलो आणि बराच वेळ एकमेकींशी काहीच बोललो नाही.

माझ्या मैत्रिणीचे मन गुंतले ते मात्र बागेतल्या भाताच्या खाचरांत. तिचे बालपण कोकणात, भातशेती करणाऱ्या घरात गेले आहे. सरदाराने स्वतःच्या विसाव्यासाठी केलेल्या बागेत भात का लावला असावा, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर बागेच्या इतिहासातच सापडते: एके काळी या बागेचा मोठा भाग शेतीखालीच होता, आणि आज राखलेली खाचरे प्राचीन चीनमधील नऊ चौकोनांच्या शेतरचनेची आठवण म्हणून जपलेली आहेत. बागेचे नावही चिनी वचनावरूनच आलेले आहे. राज्यकर्त्याने जगाच्या आधी चिंता करावी आणि जगाच्या नंतर सुख भोगावे, असा त्या वचनाचा आशय आहे, आणि ‘कोराकु’ म्हणजे मागाहून घेतलेले सुख. ते नाव खाचराच्या बांधावर उभे राहूनच अधिक चांगले उमगते, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आको मार्गावरील गाडीने इंबे या गावी गेलो. बिझेन नावाने ओळखली जाणारी मातीची भांडी येथे मध्ययुगापासून घडत आली आहेत, आणि जुन्या भट्ट्यांच्या अवशेषांत पन्नास मीटरहून अधिक लांबीची एक भट्टीही आहे. या भांड्यांवर झिलई चढवत नाहीत, रंगही देत नाहीत. त्यांची माती भाताच्या खाचरांखालून, काही मीटर खोल खणून काढतात. ती चिकट, लोहयुक्त आणि भाजताना फार आकसणारी असल्यामुळे तिला आच अगदी सावकाश द्यावी लागते. तांबड्या पाइनची लाकडे रात्रंदिवस घालत साधारण दोन आठवडे भट्टी पेटती ठेवतात आणि उष्णता १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेतात. उडालेली राख वितळून भांड्यावर तिळाएवढे ठिपके उमटले, तर त्या नक्षीला ‘गोमा’ म्हणजे तीळच म्हणतात.

आम्ही ज्यांच्या कामशाळेत गेलो, ते वयोवृद्ध कुंभार त्या वेळी पेंढा भिजवत होते. भिजलेल्या काड्या लाकडी मोगरीने ठेचून त्यांनी मऊ केल्या आणि एका कच्च्या ताटलीभोवती दोन-तीन वेढे दिले. पूर्वी भांडी भट्टीत एकमेकांना चिकटू नयेत, एवढ्यासाठीच मध्ये पेंढा घालत असत. परंतु पेंढ्यातील क्षार आणि मातीतील लोह यांचा आचेत संयोग होऊन, पेंढा जिथे टेकला होता नेमक्या तिथे तांबडी रेघ उमटते, हे ध्यानात आल्यावर तीच नक्षी झाली. तिला ‘हिदासुकी’ म्हणतात. मांडणीवरची एक भाजलेली ताटली त्यांनी आमच्या हाती दिली. फिकट बदामी अंगावर शेंदरी रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या, आणि एका ठिकाणी काडीचे पेर होते तेवढीच रेघ किंचित फुगलेली होती.

मैत्रिणीने त्या पेरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “आमच्याकडे हा पेंढा गुरांना जातो, उरलेल्याची उडवी रचतात. त्याच्या अंगात एवढा रंग आहे, हे माझ्या आजीला सांगायला हवे होते.” दुभाष्याने हे वाक्य कुंभारांना सांगितले. त्यांनी काही न बोलता एक कच्ची ताटली आणि मूठभर ओला पेंढा तिच्यापुढे ठेवला.

तिने तो आपल्या सवयीने पिळला, पेंडी बांधावी तशी गाठ मारली आणि ताटलीभोवती वेढा दिला. कुंभारांनी गाठ सोडून वेढा थोडा सैल केला, कारण माती आकसली तरी पेंढ्याचा स्पर्श सर्वत्र सारखा राहायला हवा. ती ताटली त्यांनी इतर भांड्यांच्या रांगेत ठेवली. पुढची भट्टी लागायला अजून काही महिने होते. दाराबाहेर विटांची बंद भट्टी थंड पडलेली होती, आणि तिच्या कडेला पाइनची फोडलेली लाकडे छपरापर्यंत रचून ठेवलेली होती.