नेरुळमधला विजय आणि त्यानंतर: शुई छिंगश्या

६ फेब्रुवारी २०२२. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला आशियाई चषकाची अंतिम लढत मध्यंतरापर्यंत आली आहे. दक्षिण कोरिया दोन, चीन शून्य.

चीनच्या प्रशिक्षक शुई छिंगश्या यांना पदावर येऊन तीन महिनेही झालेले नाहीत. संघ हाती आला तोच पार खचलेला. आदल्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राझीलने त्याच्यावर पाच गोल चढवले होते, झांबियाने चार, नेदरलँड्सने आठ. तीन सामन्यांत सतरा गोल! प्रशिक्षक ज्या श्यूछ्वान गेले आणि शुईंना बोलावणं आलं.

शांघायमध्ये १९६६ साली जन्मलेल्या शुई मूळच्या मधल्या फळीतल्या खेळाडू. चिनी महिला फुटबॉलचा सुवर्णकाळ त्यांनी मैदानातून पाहिला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल पहिल्यांदाच खेळलं गेलं. अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनला २-१ असं हरवलं, तेव्हा प्रेक्षक होते ७६ हजारांच्या वर. त्या रौप्यविजेत्या संघात शुई होत्या. पुढे त्या प्रशिक्षणाकडे वळल्या आणि शांघायचा महिला संघ त्यांनी सांभाळला.

आता पुन्हा २०२२. स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. यजमान भारताच्या संघात कोरोना शिरला, मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि आपला संघ गटातूनच बाद झाला. चीनने मात्र इराणला ७-० ने हरवलं. पण खरी परीक्षा बाद फेरीत होती. उपांत्यपूर्व सामन्यात व्हिएतनामने आधी गोल केला, चीनने सामना ३-१ ने जिंकला. उपांत्य सामन्यात, पुण्याच्या बालेवाडीत, जपानने दोनदा आघाडी घेतली. दोन्ही वेळा चीनने बरोबरी साधली, दुसऱ्यांदा तर ११९ व्या मिनिटाला! पेनल्टींमध्ये गोलरक्षक झू यूने दोन फटके अडवले आणि जपान बाहेर.

आणि आता नेरुळमध्ये पुन्हा पिछाडी.

६८ व्या मिनिटाला तांग ज्यालीने पेनल्टीवर गोल केला. चारच मिनिटांत तिच्याच क्रॉसवर झांग लिनयानचा हेडर. २-२. झांग म्हणजे संघातली सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एक, आणि मैदानात आली तीही मध्यंतरानंतर. भरपाई वेळेत कर्णधार वांग शानशानने चेंडू पुढे दिला आणि बदली खेळाडू शाओ युयीने तो जाळ्यात धाडला. ३-२. २००६ नंतर चीनला आशियाई चषक मिळाला, एकूण नववा.

चीनमध्ये या विजयाचा जल्लोष एवढा का झाला, हे कळायला पाच दिवस मागे जावं लागेल. १ फेब्रुवारी, चिनी नववर्षाचा दिवस. त्या दिवशी चीनचा पुरुष संघ हनोईत व्हिएतनामकडून १-३ असा हरला होता. पैसा आणि प्रसिद्धी पुरुषांच्या वाट्याला, करंडक बायकांनी आणलेला. लोक पुरुष संघावर चिडून बोलत होते ते उगाच नव्हे.

पण करंडकाच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली गेली. बाद फेरीच्या तिन्ही सामन्यांत पहिला गोल प्रतिस्पर्ध्यांनी केला होता. जिद्द खरीच, बचावातली भोकंही तेवढीच खरी. आशियात ती निभावून गेली, जगापुढे निभावली नाहीत.

२०२३ चा विश्वचषक. डेन्मार्कने शेवटच्या मिनिटाला गोल करून हरवलं. हैतीविरुद्ध दहा जणींनिशी १-० असा चिवट विजय मिळाला. मग ॲडलेडमध्ये इंग्लंडकडून १-६. विश्वचषकाच्या गटफेरीतच चीन बाद होण्याची ही पहिलीच वेळ होती. हांगचौच्या आशियाई खेळांत उपांत्य फेरीत जपानकडून ३-४ अशी हार आणि अखेर कांस्यपदक. त्यानंतर श्यामेनला ऑलिंपिक पात्रतेचे सामने झाले. घरच्या मैदानावर उत्तर कोरियाकडून हार, दक्षिण कोरियाशी बरोबरी, आणि पॅरिसचं दार बंद.

शुईंचं पद गेलं. २०२४ मध्ये त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे आंते मिलिचिच आले.