आबा गेला

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला १६ फेब्रुवारी २०१५ चा सोमवार विचारा, लगेच आठवेल. सकाळीच कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्याची बातमी आली, ती पचतीय न पचतीय तोवर दुपारनंतर मुंबईच्या लीलावतीतनं दुसरी. आबा गेला.

टीव्हीवाले म्हणत होते, 'आर. आर. पाटील यांचं निधन'. तासगाव भागात कोण असं बोलतंय? माणूस राज्याचा गृहमंत्री, उपमुख्यमंत्री राहिलेला, पण इकडं 'आबा आला', 'आबा गेला', बास. अहो-जाहो केलं असतं तर त्यालाच ऑकवर्ड झालं असतं.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. घरोघरी उपवास, त्यात द्राक्षाचा सीझन ऐन भरात, आणि तरी लोकं बागेतली तोडणी तशीच टाकून आबाच्या अंत्यसंस्काराला त्याच्या गावाच्या, अंजनीच्या रस्त्याला लागलेली, गाड्या पुढं सरकेनात म्हटल्यावर रस्त्याकडेला लावून चालत निघालेली, धोतरवाले म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळे.

अंजनीचाच हा पोरगा. कमवा-शिकातनं शिकला, १९७९ ला सावळजमधनं जिल्हा परिषदेत गेला आणि १९९० पासून सलग सहा वेळा आमदार. ग्रामविकास खातं म्हणजे तेव्हा साइड पोस्टिंगच समजायचे लोक, पण यानं त्यातनं गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान काढलं आणि गावंच्या गावं हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरली. पुढं २००७ ला तंटामुक्ती, भावकीतली भांडणं गावातच मिटवा म्हणून. चुका झाल्याच नाहीत असं नाही. मुंबईवरच्या २६/११ हल्ल्यानंतर तो हलक्यात घेतल्यासारखं एक वाक्य तोंडातनं गेलं आणि गृहमंत्र्याची खुर्ची गेली. परत गृहमंत्री झाल्यावर पालकमंत्रीपद घेतलं ते गडचिरोलीचं, जिथं जायला कुणी तयार नसायचं.

अंत्यसंस्काराला शासकीय इतमाम होता. ज्या पोलीस खात्याचा हा इतकी वर्षं मंत्री, तेच पोलीस सलामीला उभे. फैरी झडल्या तशी पुढची बारकी पोरं दचकली, अन मागनं घोषणा सुरू झाल्या त्या थांबेचनात.

वय ५७. तोंडाचा कॅन्सर. सगळी गावं झाडून घेणाऱ्या माणसाला तंबाखू काही वेळेत सुटली नाही, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि परतीच्या वाटेवर, झाडाखाली टेकल्यावर, कितीतरी हात सवयीनं खिशातल्या चुन्याच्या डबीकडं गेलेच असतील.