मोटर आणि गाडी, लाईन एकच

[दृश्य: अंगणात चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक कार, केबल घराच्या मागच्या भिंतीकडे जाते]

वर्धा जिल्ह्यातलं हे घर. १५ अँपिअरचा पॉइंट एकच, तोही मागच्या भिंतीवर. आजवर त्या लाईनवर बोअरची मोटर चालायची. आता गाडीचा चार्जरही तिथेच लागतो.

गाडीसोबत मिळणारा घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा. २३० व्होल्टला तो १४ अँपिअरच्या वर ओढतो. एक एचपीची मोटर त्यात निदान पाचेकाची भर घालते. झाले १९. आणि लाईनवरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे १६चा.

मग तो पडायला हवा ना? लगेच पडत नाही. १६चा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर टिकावा आणि २३च्या पुढे तासाभरात पडावा, अशीच त्याची बांधणी असते. आपले १९ नेमके या दोहोंच्या मधे. टाकी भरते, मोटर बंद होते, सगळं ठीक वाटतं. पण तेवढा वेळ तारेत चार्जर एकटा असताना होते त्याच्या पावणेदोन पट उष्णता तयार झालेली असते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्यात मे महिन्यात आपल्या भिंती आधीच भाजून निघालेल्या.

[जवळून: सॉकेट]

या सॉकेटकडे बघा. भोकांच्या कडेला पांढरा रंग पिवळा पडलाय. आतली पितळी पट्टी सैल झाली की प्लग तिथेच तापतो. मोटर थोडाच वेळ चालायची, म्हणून निभावलं. चार्जर रात्रभर चालतो.

यावर गावोगावी मिळणारा सल्ला म्हणजे, "३२चा एमसीबी टाकून दे." कृपा करून हे करू नका. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तार जुनीच ठेवून तो मोठा केला, तर भिंतीत तार जळेल आणि एमसीबी तसाच चालू राहील. जुन्या फ्यूजच्या कट-आऊटमध्ये जाड तार घालणं हाही तोच प्रकार.

एक लाईन दोघांना जरूर वापरता येते, पण पाळीपाळीने. "गाडी लागली हाय, मोटर लावू नोको!" असं ओरडून भागत नाही, घाईत कुणीतरी विसरतंच. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. वर मोटर, खाली गाडी, मधे बंद. दोन्ही एकदम चालूच होऊ शकत नाहीत. फक्त फिरवण्याआधी चार्जिंग थांबवायचं. हेच काम कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आपोआप करतो: मोटर लागली की चार्जरची लाईन तोडतो, टाकी भरून मोटर थांबली की परत जोडतो. रात्रभरात एवढा खंड गाडीला सहज चालतो.

[दृश्य: मीटरची पेटी, मग वीजबिल]

गाडी रोजच लागणार असेल, तर खर्च करावा तो मीटरपासूनच्या वेगळ्या लाईनवर. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तिचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. त्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा, आणि मगच वायरमनला बोलवा.